मशीनला काय आठवतं

बुध., १६ एप्रिल

काल नीलव्वा परत आली. पाडव्याला आमच्या गाडीने तिच्या नवऱ्याचा पाय मोडला, आणि भाकऱ्या ती घेऊन येते आमच्याकडे. उलटी गंगा म्हणतात ती हीच. गेल्या मंगळवारी पहिल्यांदा फाटकात उभी राहिली तेव्हा मला वाटलं, भांडायला आली. मनात कन्नडमधली उत्तरं जुळवतच बाहेर गेले. तर तिने पदराखालून फडकं काढलं. ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी. "वकीलसाहेब्र हेंग अदार्री?" साहेब कसे आहेत. तिचा बसप्पा पायात सळई घालून केलगेरीला खाटेवर पडलाय, आणि ही विचारते आमच्या साहेबांना.

कालही तेच. बाजाराला शहरात आली की उन्हातून आमच्या मालमड्डीपर्यंत चालत येते. हे आतल्या खोलीत, पाडव्यापासून कोर्टात जाणं बंदच. "झोपलोय म्हणून सांग." झोपले नव्हते, पंख्याकडे बघत पडले होते.

तिच्या पायात चप्पल नव्हती. तुटली असेल. विचारायचं राहिलं.

शनि., १९ एप्रिल

पाडव्याचं अजून लिहिलंच नाही. पानं कोरी सोडली होती. लिहिलं की डोक्यातून जाईल, म्हणून लिहिते.

मी दुपारीच पोळ्या घेऊन पुढे गेले, केलगेरीला अक्कांकडे. अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. कटाची आमटी ह्यांनी मागाहून गाडीतून आणायची, असं ठरलं. सणाच्या दिवशीही एक पक्षकार येऊन बसला होता ना. संध्याकाळी ह्यांच्या नंबरवरून फोन. अनोळखी आवाज. "अम्मा, तळ्याजवळच्या वळणावर या लवकर." तशीच धावले.

माणसांचा घोळका. सायकल आडवी, बसप्पा तिच्या शेजारी, पाय भलतीकडेच वळलेला. लोकांच्या बागा करतो तो. काम आटपून सायकल हातात धरून घरी चालला होता. आणि ह्यांची कॉलर दोघांनी धरलेली, तिसऱ्याचा हात उगारलेला. हे काहीच बोलत नव्हते. पांढरेफटक.

मी ओरडले. घसा फाटेस्तोवर, कन्नडमध्ये. "हात लावू नका! छातीत मशीन आहे त्यांच्या! हार्टचे पेशंट आहेत, चक्कर आली त्यांना!"

हात खाली आले. ज्याने उगारला होता त्यानेच ह्यांना झाडाखाली बसवलं, टॉवेलने वारा घातला. पोलीस आले तेव्हा बसप्पाच म्हणाला, आजारी माणूस आहे, तक्रार नको. तेही त्या अवस्थेत, कण्हत. ऑपरेशनचं सगळं ह्यांनी केलं. तेवढं तरी.

दोन वर्षांमागे पेसमेकर बसवला तेव्हा मी देवाला बोल लावला होता. त्या संध्याकाळी त्याच मशीनने मार चुकवला.

मंगळ., २२ एप्रिल

चप्पल तुटलेली नाही.

आज विचारलं. नीलव्वा लाजली, पाय पदराखाली ओढून घेतले. मग हळूहळू बोलली. हरकी बोललीय तिने, म्हणजे नवस, यल्लम्माला. साहेबांचं मशीन नीट चाललंय असं डॉक्टर म्हणेपर्यंत पायात काही घालायचं नाही. मग डोंगरावर चालत जाऊन नारळ.

मी म्हटलं, अगं, पाय मोडला तुझ्या नवऱ्याचा. हरकी आमच्यासाठी कशाला?

तर म्हणते, आमच्याच माणसामुळे ना झालं, अक्का. मलाही ती अक्काच म्हणते. तो वळणावर एकदम पुढे आला असणार. ध्यान नसतं त्याचं, सायकल घेऊन चालला की स्वतःशीच बोलत असतो. साहेब दचकले. आधीच नाजूक छाती, तिला धक्का बसला, चक्कर आली. बसप्पालाही तसंच वाटतं म्हणे. रात्रंदिवस तेच घोकतो, माझ्यामुळे एवढ्या मोठ्या माणसाच्या जिवावर बेतलं.

मी उठले. चहा आणला. जाताना तिने विचारलं, "मशीन एन हेळ्तु?" मशीन काय म्हणालं. दर खेपेला हेच विचारते. मी आपली बरं आहे, बरं आहे म्हणते. पण तिला माझं नको, डॉक्टरांचं हवंय.

ह्यांना सांगितलं सगळं. कुशीवर वळले.

गुरु., २४ एप्रिल

डोकं चाललं माझं शेवटी. हुबळीला दवाखान्यात फोन केला. विचारलं, त्या मशीनमध्ये मागचं काही कळतं का हो? बाई म्हणाली, कळतं की. ठोक्यांत काही वेगळं झालं की तारखेसकट साठवून ठेवतं. तपासणीला आणा, कागद काढून देतील.

म्हणजे पाडव्याची चक्कर त्यात असणार! ती आधी आली आणि बसप्पा नंतर दिसला, एवढं कागदावर आलं की बास. तो कागद घेऊन मीच केलगेरीला जाते. बघ नीलव्वा, तुझ्या नवऱ्याची काही चूक नाही, घाल ती चप्पल.

हे म्हणाले, "जूनमध्ये तारीख आहेच की. आत्ता कशाला?" पाडव्यानंतर ह्यांनी एकदाही मशीन दाखवलेलं नाही. डॉक्टरांशी नुसतं फोनवर बोलले. चक्कर आलेला माणूस दाखवायला नको म्हणतो, हे काय? आमचा नवरा शिंक आली तरी डॉक्टरांचं दार वाजवणारा.

रवि., २७ एप्रिल

दोनदा विषय काढला. एकदा पेपर मध्ये धरला, एकदा आंघोळीला गेले. दुसऱ्यांदा आंघोळ. दिवसात.

बुध., ३० एप्रिल

काल नीलव्वा आली नाही. बसप्पाला टाके दाखवायला नेलं होतं, अक्का सांगत होत्या. घर कसं मोकळं मोकळं. हे दोनदा भात घेऊन जेवले, सोफ्यावर बसून बातम्यांना शिव्या घातल्या, जुन्या एका साक्षीदाराची नक्कल केली. मी पोट धरून हसले.

मग लाज वाटली. कशाच्या जिवावर मोकळं वाटत होतं ते कळल्यावर.

मंगळ., ६ मे

डांबर वितळायचं ऊन. नीलव्वाच्या टाचेला भेग, त्यात माती. पाणी दिलं पायावर ओतायला, तर "ब्याड्री," नको म्हणाली. हरकीत गारवा करून घ्यायचा नसतो म्हणे. असा नियम यल्लम्माने केला की हिने, देव जाणे.

ती गेल्यावर ह्यांना शुक्रवारची वेळ घेतलीय म्हणून सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. "बरं" म्हणाले. छातीवर हात होता. दुखतंय का म्हटलं तर "नाही". आणि चेहरा दुखणाऱ्या माणसाचा नव्हता.

शुक्र., ९ मे

हुबळी. देशपांडे नगरातला दवाखाना. टॅक्सीने गेलो. आमची गाडी तेव्हापासून दारात, कापडाखाली.

आत एक मुलगी होती, पूर्णिमा, मशीनच्या कंपनीची. ह्यांना झोपवलं, वायरला लावलेली चकती शर्टावरूनच छातीवर ठेवली, आणि पडद्यावर ह्यांचं हृदय पळायला लागलं, रेघेरेघेने. इतकी वर्षं संसार केला, आत काय चाललंय ते आज दिसलं. तेही दुसऱ्याच बाईने दाखवलं.

मी म्हटलं, पाडव्याचं काढा.

ती म्हणाली, "सगळं नाही साठवत काकू. जे वेगळं होतं तेवढंच ठेवतं." मग खालीवर केलं. "त्या तारखेला काही नाही."

नीट बघा, म्हटलं. संध्याकाळी. चक्कर आली होती, अपघात झाला.

तिने परत बघितलं. मशीनची वेळ बरोबर लागलीय का तेही बघितलं. मग समजावलं. हृदय मंद झालं की मशीन स्वतः ठोका देतं, त्यामुळे तशी चक्कर येणार नाही, त्यासाठीच तर ते बसवलंय. फार वेगात पळालं असतं तर लिहून ठेवलं असतं. तसंही लिहिलेलं नाही. "बी.पी. एकदम उतरलं असेल तर मात्र ह्याला नाही कळत हं."

ते मी धरून ठेवलं. बी.पी.च असणार. उन्हातान्हाचे, सणाचं गोड खाऊन...

हे शर्टाची बटणं लावत होते. भिंतीकडे बघून.

"हे मात्र आहे," पूर्णिमा म्हणाली. चार नोंदी. हृदयाचा वरचा कप्पा भलत्याच वेगाने पळालेला, प्रत्येक वेळी बराच वेळ. दोन वर्षांत असं एकदाही नव्हतं. सगळ्या चारही पाडव्यानंतरच्या.

डॉक्टरांनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा बदलला. असं वारंवार झालं तर आत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू. रक्त पातळ ठेवायची गोळी आजपासून. मग ह्यांना विचारलं, "धडधड जाणवली होती?"

"जाणवली."

"काय करत होता तेव्हा?"

"घरी होतो."

"मनावर काही ताण?"

"वय झालं, डॉक्टर."

परत टॅक्सी. कागद माझ्या पर्समध्ये. बसप्पाला निर्दोष ठरवायला आणायला गेले होते तो हा नव्हे.

शनि., १० मे

सकाळी कागद घेऊन बसले. चार तारखा. ८, १५, २२ एप्रिल. ६ मे. भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले, एकेका तारखेवर बोट ठेवलं.

सगळे मंगळवार. वेळही तीच, अकरा-साडेअकराची. मधला २९ तेवढा नाही. २९ ला नीलव्वा आली नव्हती.

ती फाटकाची कडी वाजवते आणि आत ह्यांचं हृदय उधळतं. कडी मशीनला कुठून ऐकू येणार. ह्यांना येते.

पाडव्याला, गाडी माणसावर गेली तेव्हा, काही नाही. आणि भाकरी आली की हे.

दुपारभर तेच. भांडी घासताना कडीच्या डब्याला हात लागला. आमटीचा डबा. त्याच्या झाकणाला पोचा आलाय. आणि मग तो शर्ट आठवला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मीच धुतला होता, लिंबू लावून, उन्हात घालून. डाव्या बाहीवर पिवळा डाग. मनगटापासून कोपरापर्यंत, चांगला मुरलेला. तेव्हा वाटलं होतं, धडकेने आमटी उडाली असेल. पण उडालेली आमटी शिंतोडे टाकते. कोपरापर्यंत बाही भिजायची तर हात आत घालावा लागतो. बायकोला, तेही आयुष्यभर कपडे धुतलेल्या बायकोला, हे कळायला इतके दिवस लागले.

डावी बाही. डबा शेजारच्या सीटवर असणार.

चक्कर आलेला माणूस डबा सावरायला जात नाही.

रवि., ११ मे

विचारलं. सरळ.

"पाडव्याला चक्कर आली होती का तुम्हाला?"

ह्यांनी पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, "हा प्रश्न आज पहिल्यांदा विचारलास तू."

"उत्तर द्या."

"नाही. आली नव्हती."

वळणावर डबा कलंडला, म्हणाले. झाकण नीट बसलं नव्हतं. आमटी सीटवर, खाली. "तू सकाळपासून खपून केलेली. अक्का वाट बघत असणार. मी हात घातला धरायला." मान वर केली तोवर बसप्पा पुढ्यात. "तो कडेनेच चालला होता. अगदी कडेने. मीच गेलो त्याच्या अंगावर."

एवढंच. माणसाचा पाय मोडला तो आमटीसाठी. आणि आमटी माझी.

मी म्हटलं, मग इतके दिवस खोटं का बोललात?

ह्यांचा आवाज चढला. "मी एक शब्द खोटा बोललेलो नाही! चक्कर आली असं मी कुणाला म्हटलंय? पोलिसांना? बसप्पाला? डॉक्टरांना? दाखव. ते तू म्हणालीस. मी फक्त..." आणि थांबले.

फक्त गप्प बसले. जन्मभर साक्षीदारांना हेच पढवत आले. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, आपणहून एक अक्षर जास्त नाही. ह्याच घरात, ह्याच सोफ्यावर बसवून. मी चहा नेऊन द्यायची तेव्हा कानावर पडायचं. कौतुक वाटायचं, काय हुशार माणूस.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. भिंतींनी ऐकलंय तेवढं पुरे. शेवटी रडू मलाच आलं. कारण खरंच, ते शब्द माझे होते. मी ते मनापासून ओरडले होते. खोटं वाटलंच नव्हतं मला. आणि तो उगारलेला हात खाली येताना बघून जे बरं वाटलं होतं, ते अजूनही वाटतं. आज कळूनसुद्धा वाटतं.

मंगळ., १३ मे

मी ठरवलं होतं सांगायचं. ह्यांच्या देखत नाही तर ह्यांच्या माघारी.

नीलव्वा आली. टाचेला चिंधी बांधलेली, चिंधीवर रक्त. बसली. भाकऱ्या पुढे केल्या. शुक्रवारी दवाखान्यात जाणार हे मीच सांगितलं होतं मागे. त्यामुळे डोळे असे लावून बसली की विचारू नका. "मशीन एन हेळ्तु, अक्का?"

"अजून बघताहेत," मी म्हटलं. "थोडा दोष आहे म्हणाले."

तोही शब्द खोटा नाही. शिकले की मीही, बघा.

तिचे डोळे भरले. म्हणाली, "चिंती माडब्याड्री." काळजी करू नका. ती मला म्हणाली. एका मंगळवारच्या उपासाचीही भर घालते म्हणे आता हरकीत.

ती गेल्यावर आत गेले. ह्यांचं मनगट धरलं. बोटांखाली काहीतरी सैरावैरा पळत होतं, ताल ना ठेका. कपाळाला घाम. आता ह्या मंगळवारचीही नोंद झाली असेल आत. पुढच्या वेळी पूर्णिमा कागद काढेल तेव्हा पाच असतील.

म्हणजे बघा कसं आहे. मशीन नीट होत नाही तोवर ती अनवाणी येणार. आणि ती अनवाणी येतेय तोवर मशीन नीट होणार नाही. यल्लम्माने कितीही मनावर घेतलं तरी.

शुक्र., १६ मे

आज हे बोलले. कोर्टात बोलतात तसे, मुद्देसूद, पण आवाज कातर.

सांगितलं तर काय होईल ते कलमांसकट माहीत आहे मला, म्हणाले. निष्काळजीपणाची केस. ती लढता येते. दंड भरता येतो. पण बाररूममध्ये चहा पिताना सगळे आपल्याला बघून बोलायचे थांबतात ना, ते नाही सहन होणार. "आजारी माणूस म्हणून वाचलो. उद्या म्हणतील, आजाराचं सोंग केलं वकिलाने. गरिबाला फसवलं."

मी म्हटलं, खोटं काय आहे त्यात?

ह्यांनी मान खाली घातली. मला वाईट वाटलं. राग होताच, त्याच्या पोटात वाईट वाटलं. हा माणूस वाईट नाही. भित्रा आहे. मीही आहे. आणि ह्यांना काही झालं तर, ती गुठळी, ते अर्धांग, माझं काय होईल ह्या विचाराने रात्री उठून ह्यांचा श्वास चाललाय ना ते बघते. सांगून जास्त होईल की न सांगून, कोणता डॉक्टर सांगेल?

गोळी मात्र वेळेवर देते.

रवि., १८ मे

अक्का आल्या होत्या. त्यांना सांगितलं आम्ही. सांगायला नको होतं.

"आता कशाला उकरताय?" अक्का म्हणाल्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या लोकांची तक्रार नाही, पोलिसांची नाही, तुम्हालाच कशी खाज? आणि ह्याचं हे आधीच..." छातीकडे हात केला. "मारणार आहेस का ग माझ्या भावाला?"

मी म्हटलं, अक्का, ती अनवाणी येते.

"मग सांग की तिला, मशीन नीट झालं म्हणून! एवढं साधं सुचत नाही? घालेल चप्पल, फोडेल नारळ. संपलं."

खरंच सुचलं नव्हतं. क्षणभर इतकं हलकं वाटलं. एक वाक्य. कोणाचा तोटा नाही. बसप्पा बरा होतोयच. मी ह्यांच्याकडे बघितलं, वाटलं ह्यांचंही तेच मत असणार.

हे म्हणाले, "आणि बसप्पा? तो जन्मभर म्हणत राहील की माझ्यामुळे." मग, "तो कडेने चालला होता, अक्का." परत, "अगदी कडेने." अक्कांनी चहा तसाच ठेवला आणि उठल्या. रिक्षा बोलवायला मीच गेले.

सोम., १९ मे

सकाळी हे गाडीवरचं कापड काढून आत बसले होते. चालवायला नाही. नुसतेच. शेजारच्या सीटवर हात ठेवून. वास येतो म्हणाले अजून. मला आला नाही.

जेवताना म्हणाले, "उद्या मी बाहेर बसतो. नीलव्वा विचारते ना, मशीन काय म्हणालं? विचारू दे तिला. मी देतो उत्तर."

"विचारेल तेवढंच?"

"नाही," म्हणाले. "तेवढंच नाही."

छातीला काही झालं तर, असं मी म्हणणार होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी ताटात भात वाढला. नको असताना.

मंगळ., २० मे

झालं. जसं आठवतं तसं लिहिते.

हे सकाळीच व्हरांड्यात जाऊन बसले होते, पांढरा शर्ट घालून. तोच. डाग गेलेला नाही पुरता, मुद्दाम घातला की काय विचारलं नाही. कडी वाजली. नीलव्वाने ह्यांना बघितलं आणि तिचा चेहरा असा फुलला, की मी आत पळून जाणार होते. इथे यायला लागल्यापासून पहिल्यांदा दिसले ना तिला. "साहेब्र येद्दार!" साहेब उठले. दोन्ही हात जोडले तिने, आमच्याकडे नाही, वर आभाळाकडे.

ह्यांनी तिला खुर्ची दिली. ती खालीच बसली. मग हेही खाली बसले, गुडघे दुखत असताना. तिला ते फार अवघड झालं.

"मशीन एन हेळ्तु, साहेब्र?"

ह्यांनी सांगितलं. कन्नडमध्ये, हळू, एकेक शब्द. मशीन म्हणतं, त्या दिवशी मला काही झालं नव्हतं. चक्कर आली नव्हती. दचकलो नव्हतो. डबा सांडत होता म्हणून मी खाली बघितलं. बसप्पा रस्त्याच्या कडेने चालला होता. त्याची काही चूक नव्हती. माझी होती. मी ते आजवर बोललो नाही.

मीही बोलले. चक्कर म्हणून ओरडले ती मी. ह्यांना मारतील म्हणून.

नीलव्वा ऐकत राहिली. ह्यांचा हात छातीवर गेला तसं तिने पटकन बघितलं, सवयीने. मग नजर काढून घेतली. एकच विचारलं. तो कडेने चालला होता?

"हौदु," हे म्हणाले. "कडेने."

तिने टाचेची चिंधी सोडली, झटकली, परत बांधली. आवळून. उठली. हे म्हणाले, तक्रार द्या, मी नाही म्हणणार नाही, कागद मी करून देतो. ते तिने ऐकलं की नाही कळलं नाही. फाटकापाशी वळली.

"ना हेळंगिल्री. नीव बंद हेळ्री." मी नाही सांगणार त्याला. तुम्हीच येऊन सांगा.

कडी तिने बाहेरून लावली नाही, दर खेपेला लावते. अनवाणीच गेली. हाक मारणार होते, अगं आता तरी घाल काही पायात. कोणत्या तोंडाने मारायची?

ह्यांना आणून पलंगावर निजवलं. मनगट बघितलं. पळतंय. की थोडं सावरलंय, माझ्याच बोटांना कळत नाही. गोळी दिली. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, त्रास वाढला तर लगेच या. हे म्हणाले, आधी केलगेरीची बस किती वाजता आहे ते बघ. मी म्हटलं, उद्या. हे म्हणाले, उद्या नको.

भाकऱ्यांचं फडकं व्हरांड्यातच आहे. ठेवून गेली की विसरून गेली, कळत नाही. दोघांनीही अजून सोडलेलं नाही.